शेंदूर लावलेली गाडी

नवरात्र संपत आलं की बेंगळूरच्या इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत पाण्याची चंगळ होते. एरवी टँकरसाठी भांडणारे लोक रबरी पाइप घेऊन आपापल्या गाड्या धूत उभे असतात. उद्या आयुधपूजा, आमच्या घरातल्या भाषेत खंडेनवमी. मोटारींच्या तोंडावर झेंडूच्या माळा चढतात, स्कूटरच्या हँडलला केळीचे खुंट बांधले जातात, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, आणि प्रत्येक फाटकापाशी एकेक कोहळा कुंकू लावून फुटायची वाट बघत बसलेला असतो. झेंडू, ओली माती आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास सगळ्या गल्लीत भरून राहतो. लोकांना तो सणाचा वास वाटतो. मी मात्र त्या वासाने खिडक्या लावून घेते.

मी मुळातच धास्तीखोर. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझा जीव वर-खाली होतो. घरातले हसतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसून घेते. पण खंडेनवमीची धास्ती वेगळी आहे. ती इतक्या वर्षांत उतरली नाही, आणि आता उतरावी असंही मला फारसं वाटत नाही.

आज जिथे आमची ही इमारत उभी आहे, तिथेच आसपास कुठेतरी अण्णांचं घर होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि इंदिरानगर हे नावही तेव्हा कुणी ऐकलेलं नव्हतं. हलसूर संपलं की बेंगळूर संपलं, अशी आमची समजूत. त्यापुढे नाचणीची शेतं, मधूनच एखादी नारळाची बाग, आणि होसकोट्याकडे जाणारा, चिंचेच्या झाडांचा रस्ता. सर्व्हे खात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी तिथे छोटं कौलारू घर बांधलं. मोकळी हवा, विहिरीला गोड पाणी, सगळं खरं. पण संध्याकाळनंतर तिथून गावात जायचं म्हटलं तर वाहन मिळायचं नाही. दिवसासुद्धा हलसूरच्या नाक्यावरून जटका, म्हणजे घोड्याची गाडी, निरोप धाडून बोलवावी लागे. त्या मोकळ्या हवेची किंमत आम्हाला पुढे कळली.

आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. तरी रीतभात सगळी जपलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून हुबळीहून मी अण्णांच्या घरी आले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा जटका आणायला माणूस गेला. जटका आला, पण वाटेत घोडा अडला. तो का अडला, कुणी त्याला काय केलं, मला काही आठवत नाही. मला फक्त चाबकाचा आवाज आठवतो आणि आईचा हात. पेटेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, बायकांच्या इस्पितळात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मुलगा होता. चांगला भरलेला, काळेभोर केस. तो रडलाच नाही.

घरी परतल्यावर आईने माझ्या डोक्याला तेल घातलं, अण्णांनी बागेतली आळी पुन्हा पुन्हा खणली. मी हुबळीला गेले आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दिवस राहिल्यावर परत आले, तर अंगणात आंब्याच्या झाडाखाली एक काळी मोटार उभी.

कुणी साहेब कायमचा परदेशी निघाला होता, त्याची ती गाडी. गळक्या छपराखाली किती पावसाळे उभी होती देव जाणे. एका डोळ्याची काच तडकलेली, मडगार्डवर फोड आलेले, दार उघडलं की आत कुबट वास. सर्व्हे खात्यात असताना अण्णा जीप चालवायला शिकले होते, तेवढ्या जोरावर त्यांनी हे धाडस केलं होतं. मला बघून ते गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "ह्या खेपेला घोडं-बिडं काही नको. आपण जायचं." आदल्या वर्षाविषयी ते माझ्याशी जे काही बोलले ते एवढंच.

मग खरवडणं सुरू झालं.

गंज हा प्रकार मला तोपर्यंत विळीवरच्या तांबूस डागापुरता ठाऊक होता. गाडीच्या अंगावरचे फोड अण्णांनी चाकूच्या टोकाने उचकटले तसे खालून पापुद्रे निघायला लागले, तपकिरी, ठिसूळ, बोटात धरले की भुगा. पण खरी भीती तळाशी होती. मागच्या सीटपुढचं काथ्याचं बसकर त्यांनी उचललं, पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, आणि तो आरपार गेला. त्या भोकातून अंगणातलं गवत दिसत होतं. मी पायरीवर बसून बघत होते. अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि चटकन बसकर पुन्हा टाकलं. जिथे मी पाय ठेवून बसणार होते, बरोबर तीच जागा.

"काही नाही, स्वल्प खाल्लंय," ते म्हणाले. स्वल्प म्हणजे कानडीत थोडंसं. पण अण्णांच्या तोंडी स्वल्प आला की मामला गंभीर आहे हे घरात सगळ्यांना कळायचं.

आईने शेजारच्या रंगम्मांना कुंपणावरून आपल्या मोडक्या कानडीत सांगितलं, कारिगे गंज हिडिदिदे, म्हणजे गाडीला गंज धरलाय. गंजाला कानडीत तुक्कु म्हणतात हे आईला ऐन वेळी आठवलं नाही. आणि कानडीत गंजी म्हणजे पेज. रंगम्मांना वाटलं, पोरीला पेजेचे डोहाळे लागले असणार. तासाभरात त्या तांब्याभर गरम पेज, वर लिंबाचं लोणचं, घेऊन हजर. मी ती मुकाट्याने प्यायले. त्यानंतर रंगम्मा रोज विचारायच्या, "गंजी कसं आहे?" आणि त्या माझी चौकशी करताहेत की गाडीची, हे आम्हाला कळत नसे.

गंज काढायचा म्हणजे ठोकाठोक आली. कुजलेला पत्रा ठोकून पाडायचा, नवा ठोकून बसवायचा. अण्णांनी हातोडा उचलला आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"घरात गरोदर लेक आहे आणि ठोकाठोक करता?"

"गाडीवर करतोय, भिंतीवर नाही."

"घराच्या अंगणात खिळासुद्धा मारायचा नाही. आईने मला सांगितलंय, तिच्या आईने तिला. गेल्या वर्षी तुम्ही कोंबड्यांचं खुराडं ठोकत होता. आठवतंय?"

अण्णांनी हातोडा खाली ठेवला. खुराड्याचं त्यांनाही आठवत असणार. मी कॉलेजात गेलेली मुलगी, एरवी असल्या गोष्टींवर आईशी तावातावाने भांडले असते. पण त्या वर्षी मी भांडले नाही. त्या वर्षी मी उंबऱ्यावर शिंकसुद्धा दाबून धरत होते. वाटेत मांजर दिसलं की आधी ते कुठल्या बाजूला जातंय ते बघत होते. एकदा घाबरलेल्या माणसाला कुठली भीती शहाणी आणि कुठली खुळी, हे निवडत बसायला सवड नसते.

"ठोकायचं नाही ना? सरी, बरं तर. मग पिळतो," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी बिनआवाजाची दुरुस्ती मांडली. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रॉकेलचा बोळा. तेलाच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून घेतला, गिरमिटाने हाताने भोकं पाडली आणि नट-बोल्ट पिळून तो तुकडा तळाला आवळून बसवला. जिथे बोल्ट बसेना तिथे रंगारी लाकडात भरतात ती लांबी भरली. फाटक्या सतरंजीला ठिगळ लावावं तसं चाललं होतं. जीपच्या गॅरेजमधला एखादा मिस्त्री ते बघून हसला असता. अण्णांना ते कळत होतं. ते पुन्हा पुन्हा ठिगळावर उभे राहून आपलं वजन टाकून बघायचे, आणि माझं लक्ष आहेसं दिसलं की नुसतं आकाश बघत असल्यासारखे मान वर करायचे.

दिवसभर घरात तो खर्र खर्र आवाज. मी आत आडवी पडलेली असे, एक कान त्या आवाजाकडे, एक पोटाकडे. आवाज थांबला की मला वाटायचं, आणखी एक भोक सापडलं. पोटातली हालचाल थांबली की काय वाटायचं ते मी आजही लिहू शकत नाही. मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा, पोटात लाथ बसायची, आणि मी श्वास सोडायची.

हल्ली गाडी दुरुस्तीला देतात ती माणूस येऊन घेऊन जातो आणि धुऊनपुसून, सीटवर प्लास्टिक घालून परत आणून देतो. आत काय केलं ते मालकाला ठाऊक नसतं आणि त्याची त्याला फिकीरही नसते. मला त्यांचा हेवा वाटतो. आम्हाला त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट ठाऊक होता आणि त्यातल्या एकावरही आमचा विश्वास नव्हता. बॅटरी रुसकी, थंडीत हमखास मरणारी. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं की कधी दोन हिसक्यांत इंजिन उठे, कधी अण्णांचा सदरा घामाने भिजला तरी नुसतं खोकून गप्प बसे. एकदा उठलं की ते बंद करायला अण्णांचा हात धजत नसे.

नवरात्र बसलं आणि अण्णा चिक्कपेटेजवळच्या ग्रंधिगे अंगडीत गेले. म्हणजे पूजेचं सामान मिळतं ते दुकान. त्यांनी शेंदूर मागितला. दुकानदार म्हणाला, "किती?" अण्णांनी सांगितलं तेवढ्यात एखाद्या मारुतीला डोक्यापासून पायापर्यंत मढवता आलं असतं. दुकानदाराने हात जोडून विचारलं, "याव देवरिगे, स्वामी?" कोणत्या देवासाठी? आमचे अण्णा सरळ माणूस. ते म्हणाले, "कारिगे." गाडीसाठी. दुकानदाराला वाटलं नवस असेल. त्याने वर मूठभर कापूर फुकट घातला.

अण्णांच्या डोक्यात नवसबिवस काही नव्हता. सर्व्हे खात्यात त्यांनी लोखंडी पुलांना रेड लेड लावताना पाहिलं होतं. जवसाच्या तेलात कालवून फासलं की पत्र्याला पुन्हा गंज धरत नाही. आणि रेड लेड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला शेंदूर. खात्यातल्या साहेबाने त्यांना एकदा तसं सांगितलं होतं. त्यांनी एका दुपारी सगळा तळ, ठिगळांसकट, शेंदराने माखला. वाळला की वरून काळा रंग द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तुळशीला पाणी घालून परत येताना उघड्या दारातून आत बघते तो काय, गाडीच्या आत सगळं केशरी, तेलाने चमकणारं. तिच्या हातातला तांब्या खाली गेला आणि हात आपसूक जोडले गेले. मग तिला भान आलं.

"अहो, हे काय केलंत? शेंदूर लावलात? आता पोरीने ह्यात पाय कसा घालायचा?"

"ते रेड लेड आहे. पुलाला लावतात."

"इंग्रजीत नाव ठेवलं म्हणून शेंदराचा काही रंग होत नाही. शेंदूर लावलेल्या धोंड्याला आपण पाय लावतो काय?"

"वरून काळा देणार आहे की. मग दिसणार नाही."

"काळा? शेंदरावर काळा?"

वाद मिटला नाही, नुसता साचत गेला. आई रोज सकाळी गाडीच्या उघड्या दारातून एक जास्वंदीचं फूल आत ठेवू लागली. रंगम्मा येऊन कुंपणाशी चपला काढू लागल्या. अण्णा काळ्या रंगाचा डबा ओसरीवर घेऊन बसायचे आणि शेंदूर वाळला का ते बोटाने बघायचे. हवा दमट होती. शेंदूर वाळत नव्हता. पुढे ती गाडी विकली जाईपर्यंत तिचा तळ केशरीच राहिला, पण ते नंतरचं.

मला आईचं वागणं खुळ्यासारखं वाटत होतं का? वाटत होतं. पण तिची नजर चुकवून त्या केशरी पत्र्यावर एकदा पाय टेकवून बघावा, एवढा धीर मला झाला नाही. मी दारापर्यंत गेले, पाय उचलला, आणि परत फिरले. पोटात जे होतं ते कुणाच्या मेहेरबानीवर टिकलंय हे मला ठाऊक नव्हतं. मग उगाच कुणाला दुखवायचं कशाला, असा माझा हिशेब.

बाळंतपणाला अजून अवधी होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कळा आल्या की वेळ घालवू नका, लगेच या. मात्र त्या दिवाळीनंतरचं बोलत होत्या. खंडेनवमीला अण्णांनी गाडी धुतली, आईने दाराला आंब्याची पानं बांधली, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा संध्याकाळी करायची होती. जेवून मी उठायला गेले आणि कंबरेतून एक कळ निघाली. मी भिंतीला धरून उभी राहिले. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली वाटी ओट्यावर खूप हळू ठेवली.

त्या दिवशी जटका मिळायचा प्रश्नच नव्हता. घोड्यांना आंघोळी घालून, रंगीबेरंगी झुली पांघरून, जटके पूजेला मांडलेले. आयुधपूजेला कुणी गाडी जुंपत नाही. अण्णा हँडल घेऊन धावले. एक हिसका, दुसरा, मग किती ते मला ठाऊक नाही. इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. मी दाराशी उभी, तोंडात पदराचा बोळा. आदल्या वर्षीचा चाबूक माझ्या कानात वाजत होता. आणि मग एकदम ते धडधडायला लागलं.

दार उघडलं. आत तो केशरी तळ, अजून ओलसर, त्यावर सकाळचं फूल. माझा पाय उचललेला तसाच राहिला. मी आईकडे बघितलं. मला तिच्याकडून काय हवं होतं कोण जाणे. आईने एक क्षण त्या शेंदराकडे बघितलं. मग ती खाली वाकली, माझा घोटा दोन्ही हातांनी धरला, आणि माझं पाऊल उचलून त्या फुलाच्या शेजारी, शेंदरावर दाबून ठेवलं.

"ठेव गे पाय," ती म्हणाली. "राग आला तर माझ्यावर येऊ दे."

आणि ती स्वतः अनवाणी आत चढली.

रस्ता आठवतो तो पायांतून. प्रत्येक खड्ड्याला तळ कुरकुरायचा, एखादा बोल्ट टकटक करायचा, आणि मी ठिगळावरचा पाय अलगद उचलून धरायची. हलसूरच्या बाजारात घराघरांपुढे कोहळे फोडले होते. कुंकवाने लाल झालेल्या फोडी रस्ताभर, त्यावर चाक गेलं की गाडी घसरायची. अण्णा स्टिअरिंगवर जवळजवळ ओणवे झाले होते. पुढे पूजा होऊन निघालेल्या मोटारींची रांग आडवी आली तेव्हा ते थांबले, पण पायाने इंजिन गुरगुरत ठेवलं. बंद पडलं तर ते पुन्हा उठणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि त्या गुरगुरण्यावर कान ठेवून होती. अण्णा एकदाही मागे वळले नाहीत.

इस्पितळात स्ट्रेचरवर घेताना आयाबाईने माझे तळवे पाहिले आणि ओरडली, "रक्ता! रक्ता!" नर्स धावली. मागून आई धापा टाकत आली, तिचेही पाय तसेच केशरी. "रक्त नव्हे हो, सिंदूरा, सिंदूरा," ती म्हणाली, आणि त्या गडबडीतही नर्सने खाली वाकून बोट लावून बघितलं. मग मला वरच्या मजल्यावर नेलं.

खिडकी उघडी होती. खालच्या आवारातून आमच्या गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. अण्णांनी ते बंदच केलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडे न्यायला सांगितलं तर? काही औषध धावत आणायचं झालं तर? पुन्हा हँडल मारत बसायची वेळ येऊ नये म्हणून ते आत बसून पायाने तो आवाज जिवंत ठेवत होते. मी वेदनेत कुठे होते ते मला कळत नव्हतं, पण तो आवाज कळत होता. तो मध्येच खाली गेला की मी घाबरत होते, वर आला की पुन्हा जोर करत होते.

उजेड असतानाच ती झाली. मुलगी. एक क्षण काही नाही. त्या क्षणाएवढं लांब मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही. मग नर्सने तिला उलटं धरून चापट मारली आणि ती रडली. रडली म्हणजे कशी, सगळ्या खोलीचा जीव गोळा करून. आई दाराशी होती. तिने मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जिन्याकडे पळाली.

खाली इंजिन चाललंच होतं. त्या धडधडीत अण्णांना काय ऐकू येणार? मी पडल्या पडल्या कान देऊन होते. आणि एकदम ते थांबलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, गेली, गाडी गेली. इतकी मी धास्तीखोर.

पण गाडी गेली नव्हती. उभ्या जन्मात त्या गाडीच्या कशालाही हात न लावलेल्या माझ्या आईने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली होती. आवारात एकदम सामसूम झाली. मुलगी रडतच होती. मग खालून आईचा आवाज वर आला.

"बास की आता. ऐका."